सदतीस अंशांचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना वॉटर बाथ आहे. नावात बाथ असला तरी माझ्यात कधी कुणी अंघोळ केलेली नाही. मी म्हणजे स्टीलची चौकोनी टाकी, वर सपाट झाकण आणि पोटात सदतीस अंशांचं पाणी. माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब, कमी नाही की जास्त नाही. आज मी ॲडलेडमध्ये बेरिल ट्रेझाइझच्या मागच्या व्हरांड्यात पडून आहे. पण एके काळी माझ्यावाचून इस्पितळाच्या त्या प्रयोगशाळेचं पान हलत नसे.

माझं काम ऐका. तुमच्या शरीरातल्या पेशींमध्ये सल्फेटेज नावाची विकरं असतात. वापरून झालेल्या द्रव्यांना चिकटलेला सल्फेटचा तुकडा ती कापून टाकतात, मग त्या द्रव्यांची पुढची मोडतोड होते. कापणारंच कुणी नसेल तर कचरा साठत जातो. मेंदूत साठला तर चालायला शिकलेलं मूल चालणं विसरतं.

हे सल्फेटेज आहे की नाही, ते माझ्या पाण्यात कळायचं. तिथली तंत्रज्ञ बेरिल रक्तातल्या पांढऱ्या पेशी एका द्रावणात मिसळून त्यांच्या नळ्या माझ्यात ठेवायची. वेळ झाली की वर कॉस्टिक सोडा घालायची. सल्फेटेज असलं तर नळी लालभडक व्हायची, नसलं तर फिकट पिवळीच राहायची.

एकदा तिचा सहकारी कॉन मनोलिस सेमाफोरच्या किनाऱ्यावरून कुजकं शेवाळ घेऊन आला. त्यावरचे जंतूही सल्फेट कापूनच शेवाळ पचवतात म्हणे. नळ्या लाल झाल्या खऱ्या, पण वास आठवडाभर गेला नाही.

“पुन्हा हे आणलंस तर तुलाच यात उकडून काढीन,” बेरिल म्हणाली.

“सदतीस अंशांत? अगं, आपल्याकडे जानेवारीच्या उन्हाळ्यात बाहेर याहून जास्त असतं!”

किती सुंदर दिवस होते ते! चहाच्या वेळी कुणीतरी बेडकाच्या आकाराचे हिरवे केक आणायचं. माझ्या झाकणावर बशी ठेवायची नाही, असा बेरिलचा सक्त नियम होता आणि तो पहिल्यांदा तीच मोडायची.

त्याच काळात रोंडा लीबेल्ट ही द्राक्षमळ्यातली बाई आपल्या लिआनला घेऊन आली. अडीच वर्षांची लिआन बदकांमागे पळता पळता पडायला लागली होती. तिची नळी फिकट राहिली. पाच वर्षांची व्हायच्या आत ती गेली. मी यंत्र असलो तरी ती नळी मी विसरलेलो नाही.

तीन वर्षांनी रोंडा पुन्हा आली. या वेळी कुशीत तिचा आठ आठवड्यांचा मुलगा डॅरन होता.

आमच्याकडे एक रीत होती. रोज एक नळी निरोगी माणसाची ठेवायची. ती लाल झाली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. हे रक्त नेहमी कॉनचं असायचं, कारण त्याच्या शिरा बागेतल्या पाइपासारख्या होत्या. पण त्या दिवशी कॉन बहिणीच्या लग्नाला गेला होता. बेरिलनं स्वतःचंच रक्त काढून घेतलं.

डॅरनची नळी फिकट राहिली. बेरिलचीही फिकटच राहिली.

मोठे डॉक्टर म्हणाले, “पोराची फिकट आहे ना? मग आईला आजच सांगतो. ताटकळत ठेवणं बरं नव्हे.”

“माझीही फिकट आहे, डॉक्टर! म्हणजे ही टाकीच बिघडली आहे. सोमवारपर्यंत थांबा. त्या बाईला हे दुसऱ्यांदा ऐकवायचं, तर खात्री करून ऐकवू.”

आणि माझी वायर उपटली गेली. मित्रांनो, मला फार लागलं. माझं पाणी बरोबर सदतीसवर होतं. पण माझं ऐकणार कोण? मी टेबलाखाली गार पडलो.

सोमवारी कॉन लग्नातले साखरेचे बदाम घेऊन परतला. नव्या टाकीत या वेळी तीन नळ्या ठेवल्या. कॉनची लाल झाली. डॅरनची फिकट. बेरिलची फिकट.

एरवी कॉनचं तोंड बंद नसायचं. तो हळूच म्हणाला, “बेरिल, तू बरी आहेस ना? पाय वगैरे?”

“शनिवारी टेनिसमध्ये तुझ्या वयाच्या दोघींना धूळ चारली मी,” असं म्हणून ती स्टुलावर बसली. तिनं आपली आणि डॅरनची नळी शेजारीशेजारी उजेडात धरली. मग एकदम उठली. “कॉन, माझं सल्फेटेज थोडंसंच आहे. पण बावन्न वर्षं मला पुरलंय! मग त्या लेकराला का पुरणार नाही?”

“परदेशातल्या एका मासिकात वाचलं होतं मी असं. लघवी तपासू या!”

खरा आजार असला तर न कापलेला कचरा लघवीत उतरतो. लिआनच्या लघवीत तो भरपूर होता. डॅरनची स्वच्छ निघाली. बेरिलचीही.

रोंडाला खिडकीपाशी बोलावून बेरिलनं सगळं सांगितलं. रोंडा म्हणाली, “आमच्या दाराच्या चौकटीवर लिआनच्या उंचीच्या खुणा आहेत. त्यांच्याशेजारी याची खूण करायला माझा हातच उठला नसता हो.”

त्या दिवशी कॉननं माझी वायर पुन्हा जोडली. माफी कुणी मागितली नाही, पण बेरिलनं माझं झाकण दोनदा पुसलं.

पुढे नवी यंत्रं आली आणि मला भंगाराच्या ढिगावर टाकलं. बेरिल निवृत्त होताना मला गाडीत घालून घरी घेऊन आली. आता माझ्यावर टोमॅटोची रोपं असतात. तिची टेनिसची रॅकेट माझ्याच शेजारी टांगलेली आहे.

मित्रांनो, यंत्रानं दिलेला निकाल जरूर पाहा, पण तो निकाल ज्याचा, त्या माणसाकडेही पाहा. आणि जुन्या यंत्राला बोल लावण्याआधी त्याचं पाणी एकदा तपासा.

दर फेब्रुवारीत डॅरन मळ्यातली द्राक्षं घेऊन येतो. मी कोण, हे त्याला ठाऊक नाही. तो कुंड्या बाजूला सारतो आणि पेटी माझ्या झाकणावर ठेवतो. तो इतका उंच झालाय की व्हरांड्याच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं.