येण्याजाण्याचे क्षेम

शिकागो शहरी, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागील गल्लीत, एक दुमजली घर होते. वरच्या मजल्यावर प्रल्हाद आणि उत्तरा हे तरुण दांपत्य राही. खाली कुओ काका नावाचे एकाकी चिनी वृद्ध. बाहेरचे दार मात्र दोन्ही बिऱ्हाडांस एकच. त्या दारावर काकांनी तांबड्या कागदावर काळ्या शाईने चार अक्षरे लिहून डकवली होती: छू रू फिंग आन. बाहेर जाता, आत येता क्षेम असो, असा त्या शुभवचनाचा अर्थ. प्रल्हाद दूरच्या मिलवॉकी शहरातील कारखान्यात जाण्यास निघे, तेव्हा काका एक पाय ओढीत दारापर्यंत येत आणि तीच अक्षरे मोठ्याने म्हणत.

एकदा त्यांनी मोडक्या इंग्रजीत उत्तरेला विचारले, "तुझा नवरा निघताना रोज काय म्हणतो?"

"येतो, म्हणतात. आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, काका. जातो म्हणणारा परतत नाही, असं मानतात."

काका हसले. "माझी चार अक्षरं, तुमचा एक शब्द. तुम्ही लोक शाई वाचवता."

तेव्हापासून तेही घराबाहेर पडताना, अगदी दूध आणायला जाताना, स्पष्ट मराठीत "येतो" म्हणू लागले.

सन पंच्याऐंशीच्या जानेवारीत थंडीने कहर मांडला. काकांची छाती भरली. ॲम्ब्युलन्समध्ये चढवीत असता त्यांनी तोंडावरची नळी बाजूस सारली, उत्तरेकडे पाहिले आणि म्हणाले, "येतो."

ते रुग्णालयातच वारले. ही वार्ता आली त्या दुपारी प्रल्हाद कारखान्यात गेलेला होता आणि बाहेर हिमवादळ सुटले होते. उत्तरेने फोन केला, तर तो केव्हाच निघाला होता.

दिवेलागणीला काकांची पुतणी मेई आली आणि दारावरचा कागद नखाने सोडवू लागली.

"हे काय करतेस?"

"मयताच्या घरी तांबडं ठेवत नाहीत. कागद राहिला तर काकांना वाटेल, अजून यायचं आहे."

उत्तरेने तिचा हात धरला. "माझे मिस्टर रस्त्यावर आहेत. ते पोचेपर्यंत राहू दे. मग मी स्वतः काढीन."

मेईने कागदावरून हात काढला. "मग जबाबदारी तुझी," एवढेच बोलून ती निघून गेली.

उत्तरा देवापुढे दिवा लावून बसली. कितीतरी वेळाने खालचे दार वाजले. पावले जिना चढू लागली. एकाची पावले ओळखीची होती. त्यांच्यामागे कोणीतरी पाय ओढीत होते.

प्रल्हाद आत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उत्तरा, आज वाचलो गं. वळणावर कुओ काका गाडीपुढे उभे दिसले, म्हणून ब्रेक मारला. पुढे बघतो तर ट्रक आडवा पडलेला. काकांना म्हटलं, बसा. मागच्या सीटवर बसले, वाटभर एक अक्षर बोलले नाहीत. असल्या थंडीत डिस्चार्ज देतात का कोणी?"

"आता कुठे आहेत ते?"

"जिन्यात. बूट झटकताहेत. चहा टाक त्यांना."

उत्तरेने चहा टाकला नाही. ती जिन्यात आली. तेथे कोणीही नव्हते. परंतु पायऱ्यांवर बुटांचे ओले ठसे होते, आणि एका पायाचा ठसा लांबट फरफटलेला होता. खालचे दार उघडेच होते. खाली उतरून तिने तो तांबडा कागद सोडविला आणि हात जोडले.

"काका, हे सुखरूप पोचले. तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत." आजवर या दारात कोणालाही न म्हटलेला शब्द तिने मोठ्या कष्टाने उच्चारला. "आता तुम्ही जा."

बाहेर बर्फात पाय ओढल्याचा आवाज झाला. तो फाटकापर्यंत गेला आणि थांबला. मग त्या अंधारातून, नेहमीच्याच मायेने, उत्तर आले:

"येतो."