चार बोटं कमी

शनिवारी दुपारी त्रेस्याने रिकामी बाटली हातात ठेवली, तेव्हा पैली तिच्याकडे बघतच राहिला. उद्या ईस्टर. घरोघरी तांदळाचे अप्पम होणार, आणि अप्पमचं पीठ फुगायला माडी लागतेच. पण गेली नऊ वर्षं ही माडी शेजाऱ्यांकडून मागवली जात होती. कारण नऊ वर्षांपूर्वी या बहाद्दराने होडीतच निम्मी बाटली रिचवून वर कालव्याचं पाणी भरलं होतं. पीठ जे झोपलं ते उठलंच नाही. भर सणाला माहेरच्या माणसांपुढे चिवट अप्पम वाढताना त्रेस्या रडली होती.

"मी आणू?" पैलीने विचारलं.

"मग काय भिंतीशी बोलतेय?"

सणाला लेकीकडे आलेल्या पैलीच्या सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या, त्या करवादल्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, त्रेस्या. बघ हो!"

ईस्टरआधीच्या पन्नास दिवसांच्या उपासात यंदा एकोणपन्नास दिवस पैलीने मासे, मटण आणि माडीला स्पर्श केला नव्हता. व्रतं त्याने पूर्वीही धरली होती, पण पहिल्या आठवड्यातच मोडली होती. यंदा त्याने मोठ्या शपथा घेतल्याच नाहीत. रोज सकाळी वल्हं हातात घेताना एवढंच म्हणायचा, "प्रभू, आजचा दिवस सांभाळ. उद्याचं उद्या बघू." आणि दिवस खरंच सांभाळले जात होते. आज मात्र व्रत राहो बाजूला, बायकोने टाकलेला विश्वास हातात होता आणि तो त्याला बाटलीपेक्षा जड वाटत होता.

कालव्यापलीकडच्या माडीच्या दुकानात करुणनने काठोकाठ बाटली भरली, बूच ठोकलं आणि एक पेलाही पुढे सरकवला. "घे. काल गुड फ्रायडेला चर्चमध्ये कडू कारल्याचा रस प्यायलास ना? आता तोंड गोड कर."

"उद्या."

"अरे पैल्या, हत्ती गेला, शेपूट राहिलं! देव काय घड्याळ घेऊन बसलाय?"

"तो नसेल, मी बसलोय," पैली म्हणाला आणि बाटली उचलून चालू लागला. मागे दुकानातले सगळे खो खो हसले. त्यालाही हसू आलं. वाटलं, जिंकलो.

पण खरी परीक्षा पुढे होती. ऊन रणरणत होतं. होडी कालव्याच्या मध्यावर आली आणि पायाशी ठेवलेल्या बाटलीचं बूच फाडकन उडालं. पैलीने झडप घालून तोंड दाबलं, तरी फेस बोटांवरून, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तो वास! तोंडाला पाणी सुटलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. बोट चाटलं तर त्याला पिणं म्हणतं कोण? हात आपोआप वर आला, ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला.

"प्रभू, मला नाही जमत. तूच धर हा हात," तो मोठ्याने ओरडला.

आणि त्याने हात कोपरापर्यंत कालव्यात बुडवला. खसाखसा घासला. वास जाईपर्यंत घासला.

मग त्याचं लक्ष बाटलीकडे गेलं. चार बोटं कमी! बूच उडालं म्हणून कोण खरं मानेल? हातभरावर पाणी होतं. तेवढंच घातलं तर कुणाला कळणार? बाटली कलती धरून तो क्षणभर बसला. मग तिच्या तोंडात केळीच्या पानाची गुंडाळी सैलसर खोचली आणि वल्हं मारलं. होडीत आपण एकटे नाही, असं त्याला वाटत होतं.

सासूबाईंनी दारातच बाटली पाहिली. "झालं! मी काय म्हणत होते? आधी त्याच्या तोंडाचा वास घे!"

"बूच उडालं," पैली म्हणाला. "वाटेत सांडली. मी प्यायलो नाही." एवढंच.

त्रेस्याने बाटली उजेडात धरली. दाट, पांढरी, पाण्याचा थेंब नसलेली. ती आईकडे वळली.

"वास कशाला घेऊ? हे प्यायले असते, तर बाटली भरलेली आली असती."

पैली उंबऱ्यावर मटकन बसला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बायकोसमोर मान वर करून रडला. त्रेस्याने पिठाचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"रडून झालं की ओता. तुमच्याच हाताने."