मामाला गोवर होतो

मामाचं स्टेशनरीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागायचा, आणि गिऱ्हाईक आलं की तो किडा गिऱ्हाइकावर सुटायचा. गल्लीतल्या प्रत्येकाने एकदा तरी त्याच्याकडून न उमटणारं पेन विकत घेतलं होतं. पैसे तो परत करायचा, पण पोटभर हसून झाल्यावर.

त्यामुळे भाची दुकानात येऊन म्हणाली, "मामा, एक काम आहे. खोटं बोलायचंय," तेव्हा जन्माचं सार्थक झाल्यासारखं त्याला वाटलं.

"कोणाशी?"

"अख्ख्या आरोग्य केंद्राशी."

मामाने शटर ओढायलाच घेतलं.

"अरे, आधी ऐकून तर घे!"

भाचीला घरात सगळे चिमणी म्हणत. सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सचं तिचं शेवटचं वर्ष. आता इंटर्नशिप होती, आरोग्य केंद्रात, एका मॅडमच्या हाताखाली. या मॅडम बसायच्या सरळ, चालायच्या सरळ आणि बोलायच्याही इतक्या सरळ, की इंटर्न मुलं त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणत. फूटपट्टी मॅडमनी चिमणीवर साथीच्या रोगाची रंगीत तालीम सोपवली होती. ताप आणि अंगावर पुरळ असलेला एक खोटा पेशंट केंद्रात पाठवायचा, आणि गोवराचा पेशंट आला तर केंद्र काय करतं ते बघायचं.

"काय करायला हवं?" मामाने विचारलं.

"दारातच मास्क द्यायचा. बाकावर बसवायचं नाही, बाजूच्या वेगळ्या खोलीत न्यायचं. गोवर हवेतून पसरतो रे. शेजारी नुसतं बसलं तरी पुरे."

"आणि या वयात मला गोवर?"

"मोठ्यांनाही होतो. शिवाय तुझी अक्कल अजून बालवाडीतच आहे, असं आई म्हणते."

"ताई म्हणते म्हणजे असणार."

चिमणी हसली नाही. "मामा, ही तालीम फसली तर मॅडम मला पास करणार नाहीत. सगळी इंटर्नशिप पुन्हा पहिल्यापासून. मैत्रिणी नोकरीला लागतील आणि मी इथेच फायली वाहत बसेन. हे कार्ड घे, यावर लिहिलंय तेवढंच बोलायचं. आगाऊपणा नाही. शपथ घे."

मामाने लगेच स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला.

"तुझी नको, ती तू रोज मोडतोस. आईची घे. माझ्या वाढदिवसाला अंघोळीच्या स्पंजला क्रीम फासून केक म्हणून कापायला लावलास, ते मी विसरले नाहीये."

ताईची शपथ म्हणजे दगडावरची रेघ. मामाने ती घेतली, तोंड कडू करून.

तालमीच्या दिवशी मामीच्या लिपस्टिकने गालावर, मानेवर ठिपके काढून मामा केंद्रावर पोचला. चेहरा असा पाडला होता की एका म्हातारीने वाटेत त्याला हात धरून रस्ता ओलांडून दिला. दारात शिपाई उभा.

"मला ताप आहे," मामा कण्हत म्हणाला. "अंगावर पुरळ आलंय."

"या, या! तुम्हीच ना ते तालमीतले? मॅडमच्या हाताखालच्या पोरीने सांगून ठेवलंय. बसा तिकडे बाकावर."

"मास्क?"

"अहो, तुम्हाला कशाला? तुम्ही काय खरे आजारी आहात!"

बाकावर एका बाजूला कुबडीवाले आजोबा, दुसऱ्या बाजूला तान्हं बाळ घेतलेली बाई. मामा मधोमध. सिस्टर लगबगीने आल्या.

"आलात? चहा घेणार?"

"सिस्टर, मला ताप आहे, अंगावर पुरळ—"

"छान बोलता हो! नाटकात होतात का?"

"मला वेगळ्या खोलीत न्यायचंय ना?"

"त्या खोलीत मोडके पंखे भरलेत. नेलं असं समजा. लिहून टाकते मी."

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मामाच्या पाठीवर थाप मारली, "ठिपके झकास!" म्हणाले आणि निघून गेले.

मामाच्या वर्मी घाव लागला. खोटेपणात त्याची उभी हयात गेली होती, पण मेहनतीशिवाय खोटं त्याने कधी केलं नव्हतं. त्या न उमटणाऱ्या पेनांमधली शाईसुद्धा तो दुपारभर बसून स्वतः काढायचा. आणि इथे ही मंडळी बसल्या जागी, फुकटात, चहा पीत खोटं करत होती!

शपथ ताईची होती. पण ती बोलण्याची होती, हातांची कुठे होती? मामाच्या खिशात दुकानातले गोल लाल स्टिकर नेहमी असायचेच. त्याने कामाला सुरुवात केली. जो जवळ आला, त्याला एक. शिपायाच्या बाहीला. सिस्टरच्या कोपराला. डॉक्टर परत आले तेव्हा त्यांच्या कोटाला, मागून. आजोबांच्या कुबडीला, बाळाच्या दुपट्याला. शेवटी फूटपट्टी मॅडम स्वतः आल्या आणि वाकून म्हणाल्या, "पेशंट आपणच का?" मामा कण्हला, "हो मॅडम, मला ताप आहे," आणि उठण्याच्या निमित्ताने त्यांच्या खांद्याचा आधार घेतला.

मग सगळे डॉक्टरांच्या खोलीत जमले. सिस्टरनी आपण लिहिलेलं घडाघडा वाचून दाखवलं. मास्क दिला. वेगळ्या खोलीत नेलं. प्रवासाची चौकशी केली. चिमणीचा चेहरा उजळत गेला. मॅडम म्हणाल्या, "उत्तम. मग मी—" आणि पेन उघडलं.

तो चेहरा मामाने पाहिला. आपली खोडी कुणाच्या लक्षात येऊ नये, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. मॅडमच्या खांद्यावरचा स्टिकर हळूच काढायला त्याने हात पुढे केला, आणि तेवढ्यात चिमणीने तो हात पाहिला. मग खांदा पाहिला. सिस्टरचं कोपर पाहिलं. डॉक्टर खिडकी लावायला वळले तशी त्यांची पाठ पाहिली.

"मामा, कुणाकुणाला लावलेस?" आवाज एकदम बारीक.

"जो जवळ आला त्याला. तूच म्हणालीस, शेजारी बसलं तरी पुरे."

मामाला वाटलं, आता हिने काहीतरी सारवासारव करावी. आपल्याला वेड्यात काढावं आणि विषय मिटवावा. तो वेड्यात निघायला एका पायावर तयार होता.

चिमणी उठली. "मॅडम, सही करू नका. जरा खांद्याकडे बघा. लाल ठिपका म्हणजे हा माणूस तुमच्या श्वासाच्या अंतरावर आला होता, बिनमास्कचा. इथे सगळ्यांना ठिपके आहेत. बाहेर एका तान्ह्या बाळालासुद्धा. आणि चूक यांची नाही, माझी आहे. कुणाची धांदल उडू नये म्हणून मीच आधी सगळ्यांना सांगून ठेवलं. खोटा पेशंट आहे म्हटल्यावर नियम खरे कोण पाळणार?"

मॅडमनी खांद्यावरचा स्टिकर काढून डोळ्यांजवळ धरला. त्यावर छापलं होतं, 'आता निम्म्या किमतीत'.

शिपायाने खोकला काढून हसू दाबलं. सिस्टरनी त्याच्याकडून तोंड फिरवलं.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा तालीम," मॅडम म्हणाल्या. "पास की नापास ते तेव्हा. आणि हे गृहस्थ मला केंद्रात दिसायला नकोत."

घरी जाताना मामाने बाकावर घडलेलं सगळं सांगून तीनदा माफी मागितली. चिमणी कशालाच ओ देईना. गल्लीच्या तोंडाशी एवढंच म्हणाली, "मोडक्या पंख्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं," आणि विचारात बुडून निघून गेली.

पुढच्या सोमवारी तिने केंद्रात जाहीर केलं, "या आठवड्यात कधीही एक खोटा पेशंट येईल. बाई की बुवा, लहान की म्हातारा, सांगणार नाही."

मामाला चैन पडेना. "मला तरी सांग, कोण आहे?" चिमणी ढिम्म. शेवटी केंद्रासमोरच्या फळवाल्याकडे उभं राहून तो पाळत ठेवायला लागला. बघतो तर काय, मोडके पंखे भंगारात चाललेले! कुणी नुसतं नाक ओढलं तरी शिपाई मास्क घेऊन धावत होता. सिस्टर प्रत्येकाला, कुठून आलात, घरात अजून कुणाला ताप आहे का, असं विचारत होत्या. घामोळ्यांनी लाल झालेल्या एका ट्रकवाल्याला तर वेगळ्या खोलीत जावयासारखं नेऊन बसवलं. मामाला रस्त्यापलीकडे शिंक आली, तर शिपायाने तिथूनच दम भरला, "तोंडावर रुमाल धरा, मामा!"

शेवटच्या दिवशी सगळे पुन्हा जमले. मामाला केंद्रात यायची बंदी होती. खिडकीबाहेर उभं राहायची नव्हती.

"तो ट्रकवालाच!" शिपाई म्हणाला. "घामोळं असं कधी असतं का?"

"छे, ती खोकणारी आजी," सिस्टर म्हणाल्या. "फारच गोड बोलत होती."

"सगळ्यांचं काम मी पाहिलंय. एकही चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "आता सांग, कोण होतं?"

"कोणीच नाही, मॅडम," चिमणी म्हणाली. "मी कुणाला पाठवलंच नाही."

शिपाई सिस्टरकडे बघायला लागला. मग फूटपट्टी वाकली. आधी थोडी, मग टेबलाला हात टेकून पार कमरेतून, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मॅडम हसत राहिल्या. हसतच त्यांनी सही केली. सही वाकडी आली.

संध्याकाळी चिमणी दुकानात आली, हातात केकचं खोकं. मामाचा ऊर भरून आला होता.

"शेवटी कुणाची भाची!" त्याने डोळे पुसले, क्रीमचा मोठ्ठा तुकडा उचलला आणि तोंडात कोंबला.

चावला. पुन्हा चावला. केक काही तुटेना.

चिमणी शटरला टेकून शांतपणे बघत होती. "सावकाश खा, मामा," ती म्हणाली. "नवा कोरा स्पंज आहे."