टेकडीवरचा हिरवा बाण

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. इंदापूरकडच्या वनखात्याच्या टेकडीवर जिथं दोन वाटा फुटतात, तिथं माझा खांब रोवलाय. एक्याण्णव साली पेंटरनं माझ्यावर दोन बाण काढले. हिरवा पठाराकडं: 'सोपी वाट, बारा महिने'. लाल ओढ्याकडं: 'अवघड वाट, पावसाळ्यात बंद'. "बरं झालं बाई, पाटी हाय!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचे.

पुढं उन्हानं अक्षरं गेली, बाण विटले. गुरं माझ्या खांबाला पाठ घासून जायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला आता सांगू तरी कसं? नुसता जीव वरखाली!

आमच्याकडं पोळा भाद्रपदात असतो; त्या दिवशी खालच्या वाडीतला शेतकरी बिरदेव आला. बैलांची शिंगं रंगवून उरलेले डबे त्याच्या हातात होते. "लईच रया गेली की गं तुझी," म्हणाला. भला माणूस! पण त्यानं पठाराच्या बाणाला लाल रंग फासला. "शुभ रंग चांगल्या वाटंला!" उरलेला हिरवा ओढ्याच्या बाणाला. अरे देवा! मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

त्याच आठवड्यात नसरीनबाई शाळेच्या मुलींना टेकडी दाखवायला घेऊन आल्या. वरच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट. "हिरवा बाण, म्हणजे सोपी वाट. चला गं," म्हणत त्या ओढ्यात उतरल्या. मी वाऱ्यात खडखडले, थडथडले. पण पाटीचं कोण ऐकतं?

तेवढ्यात पलीकडं बैल चारणाऱ्या बिरदेवनं त्यांना बघितलं. "ओ बाई, तितं कुठं? वरनं पानी येतंय!" मुली धडपडत काठावर चढल्या. धाकटी पिंकी मात्र मधल्या खडकावरच अडकली आणि भोवती गढूळ लोंढा आला. बिरदेवनं बैलाचा कासरा सोडून तिच्याकडं फेकला. तिनं तो कमरेला गुंडाळला, सगळ्यांनी मिळून ओढला. बाहेर आली तेव्हा पोरीचे दात वाजत होते.

"पाटीवर हिरवा होता हो!" नसरीनबाई रडू लागल्या.

बिरदेव माझ्याकडं बघत मटकन खाली बसला. "म्याच रंगवला, बाई. इचारलं न्हाय कुनाला."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. त्यानं बाण सुधारले, बाईंनी ठळक अक्षरं लिहिली.

मित्रांनो, ते बाण आणि ती अक्षरंही आता विटलीत. आज पुन्हा आभाळ भरलंय आणि खालून पोरांचा गलका वर येतोय. कुणीतरी रंगाचा डबा घेऊन या हो. पण आधी वाट विचारून या!