पाऊण म्हणजे पाऊण

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो. दुकानातला नव्हे, घरी बनवलेला. नाशिकच्या एका पॉलिटेक्निकच्या कपाटात मी पडून आहे. माझ्यावर ‘बिघडलेला’ अशी चिठ्ठी आहे. ती चिकटवणाऱ्याची मला कीव येते.

२००६ साली ज्योत्स्नाने मला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तयार केले. भद्रकालीच्या भंगारबाजारातले संगणकाचे सर्किट, बिलाच्या यंत्राचा छोटा पडदा आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा, हे माझे शरीर. डोके मात्र फुकट मिळाले. कोणीही घ्यावे, उघडून पाहावे, सुधारावे, असे बीजगणिताचे सॉफ्टवेअर तिने सायबर कॅफेतून सीडीवर आणले. त्यामुळे मी समीकरणे सोडवतो आणि अपूर्णांकाला अपूर्णांकच राहू देतो. बाजारातले स्वस्त कॅल्क्युलेटर एकाचे तीन भाग करतात आणि पुन्हा जोडताना थोडे कमी भरतात. त्यांना लोक हुशार म्हणतात.

“डब्यात बिस्किटं होती तेव्हा निदान उपयोग होता,” असे तिचे वडील मोतीराम म्हणत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी, पण कल्पनेचा दिवा बंद.

परीक्षेला बाहेरून कुलथे सर आले. प्रोजेक्ट नापास झाला असता, तर ज्योत्स्नाचे वर्ष गेले असते. इतकी समीकरणे मला येतात, पण सरांनी काय दाबावे? तीन भागिले चार. मी ३/४ दाखवले.

“अगं, मी विचारलं तेच हे मला परत सांगतंय. एवढं तर शेजाऱ्यांचा पोपट करतो.”

मुले हसली. हसायला त्यांना कारण लागत नसे.

“सर, उत्तर बरोबर आहे. पाऊण,” ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

“पाऊण काय पाऊण? शून्य पूर्णांक पंचाहत्तर पाहिजे. नापास करू का?” सरांनी घड्याळ पाहिले. “चल, आटप. पावणेपाच झाले.”

“किती झाले, सर?”

“पावणेपाच. ऐकू येत नाही?”

“चार पूर्णांक पंचाहत्तर नाही म्हणालात.”

सरांचा हात घड्याळावरच राहिला. मग त्यांनी मान खाली घालून तिला पास केले. जेमतेम.

ती नोकरीला लागली, मी कपाटात आलो. पुढे जो आला त्याने तीन भागिले चारच दाबले, आणि शेवटी एकाने चिठ्ठी डकवली.

मित्रांनो, कधी ते कपाट उघडलेत, तर माझी धूळ पुसा, बटणे हळू दाबा. आणि कोणाला बिघडलेला ठरवण्याआधी, किती वाजले ते एकदा मोठ्याने सांगून पाहा.