सीटखालची तार

मी बोलतोय, बागेतलं गवत कापणारा एक जुना छोटा ट्रॅक्टर. शेतातल्या मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केलात तर त्याचं लेकरू वाटेन, पण वयानं त्याचा आजा लागेन. मला फार काही कळत नाही. पाहिलं ते सांगतो, आणि सावकाश सांगतो. मला विकलं याचा राग नाही. भीती वाटते, म्हणून बोलतोय.

कारखान्यातून निघालो तो थेट एका मोठ्या दवाखान्याच्या बागेत गेलो. एकच सिलिंडर, पण आवाज असा की आजारी माणसं खिडकीत येऊन बघायची. पुढे नवं यंत्र आलं आणि मला मागच्या भिंतीशी लावलं. तिथं अकरा वर्षं गेली. स्टिअरिंगमधून वेल चढला, टाकीत पाणी शिरलं, पिस्टन जागच्या जागी गंजून बसला. माणसं जाता येता माझ्यावर ओले कपडे वाळत घालायची. त्याचंही वाईट वाटलं नाही. कुणीतरी हात लावतंय, एवढं तरी होतं.

तिथून मला मिस्त्रींनी आणलं. जुनी यंत्रं जिवंत करायची हा त्यांचा नाद. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी गंज सुटावा म्हणून माझ्या सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि आठ दिवस रोज येऊन पिस्टनला लाकडी ठोकळ्यानं हळूच एक टोला दिला. एकच. "घाई केली की रिंग तुटते," म्हणायचे. नवव्या दिवशी पिस्टन केसभर हलला, तेव्हा ते एकटेच हसले. मग कार्बोरेटर उघडला, प्लग घासला, पट्टे बदलले. माझी जोडअवजारंही हुडकून आणली: छोटा नांगर, माती सारायची फळी, आणि पोटाखाली बसणारी कापणीची थाळी. त्या थाळीत दोन पाती फिरतात.

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रोज मदतीला यायचा. मदत थोडी, तोंड फार.

"भाऊजी, एवढी सेवा माझ्या वडिलांची केली असतीत तर घर तुमच्या नावावर करून गेले असते."

"तुझ्या वडिलांना तेलाची गरज नव्हती. जाम तू आहेस. तो बारा नंबरचा पाना दे."

"हा?"

"तो चौदाचा. माकडाच्या हाती कोलीत दिलेलं बरं, तुझ्या हाती पाना नको."

असं दिवसभर चालायचं. मला ते आवडायचं. शेडमधल्या त्या दोघांसारखी जोडी मी दवाखान्यात पाहिली नव्हती.

आता नीट ऐका. माझ्या सीटखाली एक छोटा स्विच आहे. माणूस सीटवर बसला की तो दाबला जातो आणि मी चालतो. माणूस उठला की मी बंद पडतो, आणि थोड्या वेळात पातीही थांबतात. थाळीच्या तोंडाशी गवत अडकलं की माणूस उठतो, वाकतो, हातानं गवत ओढतो. तेव्हा पाती फिरत असू नयेत, म्हणून ही सोय.

एका पावसाळी सकाळी त्या स्विचची स्प्रिंग मेली. मिस्त्री बसलेले असतानाच, जरा खड्डा आला की मी बंद पडायचो. अर्धं अंगण कापायचं राहिलं होतं. नवा स्विच मागवला तरी यायला दिवस लागणार. मिस्त्रींनी दोन बोटं लांबीची तार घेतली, स्विचची दोन्ही टोकं जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. आता कुणी उठलं तरी मी बंद पडणार नव्हतो. "आत्तापुरतं," ते स्वतःशीच म्हणाले.

आत्तापुरत्या कामासाठी त्यांचा एक नेम होता. असलं काही केलं की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की यंत्राला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना पाठ. त्या दिवशीही त्यांनी बांधली. मग जाता जाता गिअरबॉक्समधली तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. हात बरबटले. आणि ज्या माणसानं आठ दिवस केसाकेसानं पिस्टन हलवला, त्यानं सवयीनं हात लांबवून तीच चिंधी सोडली, तिनंच पट्टी पुसली आणि तेलकट चिंध्यांच्या ढिगात टाकली. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, जेवायला येताय ना?" ते गेले.

दुपारी मेहुणा आला. बहिणीला दारातूनच म्हणाला, "झोपू दे भाऊजींना. उरलेलं मी कापतो." शेडमध्ये येऊन त्यानं आधी स्टिअरिंगकडे पाहिलं. बिचाऱ्यानं पाहिलं, ते मी विसरणार नाही. चिंधी नव्हती.

गवत ओलं होतं. तिसऱ्या फेरीला थाळीचं तोंड तुंबलं. तो नेहमीसारखा उठला, नेहमीसारखा वाकला. मी चालूच राहिलो. पाण्यासारखं पळणारं पेट्रोल मला अडवता येत नाही, ठिणगी गिळता येत नाही. चाल म्हटलं की मी चालतो.

मिस्त्री किंकाळीनं धावत आले आणि त्यांनी आधी चावी फिरवली. मेहुण्याची दोन बोटं गेली.

तीन आठवड्यांनी तो हाताला पांढरं बांधून शेडमध्ये आला. मिस्त्री खुर्चीवर बसले होते.

"भाऊजी, चेहरा पाडून बसू नका. माझंच चुकलं. इंजिन बंद झालं तरी पाती जरा वेळ फिरतात, तुम्ही शंभरदा सांगितलंय. मी दम धरला नाही."

मिस्त्रींनी जमिनीवरचा पाना उचलून खिळ्याला अडकवला. मग म्हणाले, "होतं असं."

मला वाटलं, आज नाही तर उद्या सांगतील. रोज शेडच्या दारापर्यंत येत आणि परत फिरत. एकदा पक्कड घेऊन आले, सीट उचलली, तारेवर बोट ठेवलं. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "आता कशाला हात लावताय त्या मेल्याला? माझ्या भावाचा हात खाल्ला त्यानं. देऊन टाका कुणाला तरी." त्यांनी सीट खाली केली. ती तार आता नुसती तार राहिली नव्हती. ती काढायची म्हणजे ती कुणी घातली ते सांगायचं.

मला न्यायला रोपवाटिकेच्या बाई आल्या. धीट, हसऱ्या. चाकांना लाथ मारून पाहिली, थाळीखाली वाकून पाती पाहिली. मग विचारलं, "उठलं की बंद होतो ना हा? माझ्या सासूबाई चालवणार आहेत. त्या ऐकत नाहीत, सारख्या उतरून गवत ओढत बसतात."

मिस्त्री बोलायच्या आत मेहुणाच पुढं झाला. तीन बोटांचा हात नाचवत म्हणाला, "होतो हो बाई, लगेच होतो! फक्त माझ्यासारखी घाई करू नका म्हणावं. भाऊजींच्या हातचं काम आहे, यात खोट निघायची नाही. काय भाऊजी?"

सगळे मिस्त्रींकडे बघत होते. त्यांचा हात माझ्या सीटवर होता. त्याखाली तार तशीच होती, ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"होतो," मिस्त्री म्हणाले.

मला गाडीत चढवलं. ते निरोपाला रस्त्यापर्यंत आले नाहीत.

आज इथं येऊन सहा दिवस झाले. पाऊस उघडलाय. कुंड्यांच्या मागं गवत गुडघ्याएवढं वाढलंय, ओलं, जाड. रस्त्यावर सायकल थांबली की मला वाटतं, मिस्त्रीच आले. मिस्त्री वाईट माणूस नाही हो. वाईट माणूस आठ दिवस एकेक टोला देत बसत नाही. तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना सांगा, खरं कळलं तर मेहुणा रागावेल, चार दिवस बोलणार नाही, पाचव्या दिवशी पाना मागायला येईल. मी दोघांना ओळखतो. सांगा, अजून वेळ आहे. पण फार नाही.

सासूबाई आल्यात. पदर खोचलाय. माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाल्या, "चल रे म्हाताऱ्या, बघू तुझ्यात किती दम आहे."

त्यांनी चावी फिरवली. मी नको नको म्हणतोय, आणि त्यांना ऐकू येतंय ते एवढंच, की इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.