कंदीलवालीचा सहावा भाग

कंदीलवालीचे पाच भाग आमी दोघांनी अर्धे-अर्धे खेळले. म्हंजी चालायचं वीरभद्रनं, बघायचं म्या.

तालुक्याला, भूमच्या नेट कॅफेत एका कॉम्प्युटरला एकच खुर्ची. वीरभद्रच्या बापाची, बंडप्पाकाकांची, आमच्या ईट गावात खव्याची भट्टी. बाजाराच्या दिवशी काका खवा घेऊन भूमला निघाले की आमी मागं. खवा विकोस्तर आमी कॅफेत. खुर्चीवर दोघं टेकायचो. डावीकडं तो, त्याच्याकडं कीबोर्डची बटणं, म्हंजी पोरीचे पाय. उजवीकडं म्या, माझ्याकडं माऊस, म्हंजी तिचे डोळे. कॅफेवाला वरडायचा, "हात धुऊन बसा रे खवेवाल्यांनो, मुंग्या लागतेत कीबोर्डाला!"

गेमचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. आमी कंदीलवालीच म्हणायचो. एक पोरगी, हातात कंदील, हरवलेल्या भावाला हुडकत बेटाबेटावर फिरते. दर भागात नवं बेट. मागं कमावलेलं सगळं समुद्रात जातं अन् ती रिकाम्या हातानं किनाऱ्याला लागते. मग कंदील पेटवते. तवा एक धून वाजते, पहिल्या भागापासून तीच. ती वाजली की वीरभद्र कोपर मारायचा, "चल, बघ."

इंग्रजी कळायचं न्हाय, मग गोष्ट आमीच लावायचो. ती आपल्या भूमशेजारच्या वाशीची. भाऊ बापाशी भांडून गेलेला. समुद्र आमी पहिल्यांदा त्या गेममधीच बघितला.

माझी आई इचारायची, "तीच पोरगी, तोच कंदील. अजून गावला न्हाय व्हय तो भाऊ? तुमीच लपवला असंल."

खरं सांगू? भाऊ गावावा असं मला कधी वाटलंच न्हाय. गावला की संपलं.

पुढं वीरभद्र पुण्याला कंपनीत लागला. म्या ईटमधीच मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. लई वर्षांनी सहावा भाग आला. म्या जुने पार्ट जमवून दुकानातच एक कॉम्प्युटर उभा केला, गेम टाकली. एकदा फक्त धून ऐकायला उघडली. अन् कळलं, मला बघता येतंय, चालता येत न्हाय. डाव्या हाताला कायच म्हाईत न्हाय. पोरगी भिंतीला नाक लावून उभी. बंद केली. म्हटलं, जत्रंला वीरभद्र येईल, तवाच खेळू.

आला. दुकानात दोन खुर्च्या होत्या. त्यातली एक म्या आधीच बाहेर ठेवली.

"बस," म्या म्हटलं. "सहावा."

"ह्यो? आरं, ह्यो म्या कवाच संपवला. रूमवरच्या पोरांकडं हाय की."

"एकट्यानं?"

"मग काय वरात काढून? येडाच हाय लेका तू."

हसला. मग त्याला ती एकच खुर्ची दिसली. डावीकडं टेकला.

धून वाजली. त्यानं कोपर मारलं न्हाय. त्याचा उजवा हात सरळ माऊसवर आला, माझ्या हातावर.

"सवय झाली रे," म्हणला अन् हात मागं घेतला.

मग चालायला लागला. म्या मान वळवायच्या आत पोरगी पुढं गेलेली.

"थांब की, मला बघू दे."

"तिकडं कायबी न्हाय. म्हाईत हाय मला."

त्याला सगळंच म्हाईत होतं. कुठं दार, कुठं विहीर. माझ्या डोळ्यांचं काम उरलं न्हाय. म्या माऊस सोडला.

तो बी थांबला. "इंद्र्या, भाऊ ना शेवटी..."

"सांगू नको!" म्या वरडलो. बाहेरचं गिऱ्हाईक दचकलं.

"न्हाय सांगत. पण तू इतके दिवस खेळला का न्हाईस?"

"चालाय येत न्हाय मला."

आधी लई हसला. मग हसायचा थांबला. त्यानं खेळलेलं सगळं पुसलं, पोरगी परत किनाऱ्यावर आणली. माझी डावी बोटं धरून एकेक बटणावर ठेवली. "हे पुढं. हे मागं. हे बाजूला." त्याच्या बोटांना अजून खव्याचा वास होता, सकाळी भट्टीवर बसला असणार.

दुपारच्या एसटीनं गेला. गाडीतून फोन आला.

"इंद्र्या, काय दिसतंय?"

"वाळू. एक मोडकी नाव."

"चाल मग. मला सांगत चाल."

म्या बटण दाबलं. पोरगी नावंवर धडकून पाण्यात पडली. तिकडं तो खिदळला, हिकडं म्या. तो म्हणला, "उठीव तिला. पुढं काय दिसतंय?"

"नारळीची झाडं. त्याच्या मागं उजेड हाय कसलातरी..."

"उजेड? म्या तर न्हाय बघितला. कुठं रे?"

म्या सांगणार तेवढ्यात रेंज गेली. परत लावला, लागंना.

उजेड तिकडंच होता. म्या बटणावरची बोटं उचलली. पोरगी कंदील धरून थांबली. खुर्ची सगळी माझीच होती, तरी म्या उजव्या कडंलाच टेकलो होतो.